पोट आणि पोट्ट : एका शब्दाच्या अभ्यासाची प्रस्तावना

अंबरपेठेतल्या एखाद्या मराठी घरात मूल सकाळी शाळेत जायच्या वेळी कण्हू लागले, की आई विचारते, "पोट दुखतंय का रे?" तासाभराने तीच आई दवाखान्यात डॉक्टरांना सांगते, "कडुपु नोप्पी अंडी, रात्रि नुंची." तिथून औषधाच्या दुकानात गेली की म्हणते, "भाई, बच्चे के पेट में दर्द होरा." दुखणे एक, मूल एक, बोलणारीही एकच. मराठी, तेलुगू आणि दख्खनी या तीन भाषा ती अर्ध्या मैलाच्या आत बोलून मोकळी होते आणि आपण काही विशेष केले असे तिला वाटतही नाही.

या तीन शब्दांपैकी पहिला, म्हणजे 'पोट', हा या प्रस्तावनेचा विषय आहे. शब्द कुठून आला, कोणाकोणाच्या घरी राहिला, शरीरातून निघून शेतात, कोर्टात आणि व्याकरणात कसा शिरला, हे पाहायचे तर अंबरपेठेसारखी जागा शोधून सापडणार नाही. मुसी नदीच्या उत्तरेला, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी वसलेला हा भाग. काचीगुडा, बरकतपुरा, नल्लकुंटा, अंबरपेठ या पट्ट्यात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. शिक्षणासाठी, वकिलीसाठी, रेल्वेतल्या आणि सरकारी नोकरीसाठी मराठवाड्यातला माणूस इथे येत असे. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाल्यावर ही ये-जा वाढली. राज्ये वेगळी झाली, तरी ही घरे इथेच राहिली. त्यांच्या रोजच्या बोलण्यात तेलुगू आणि मराठी एकमेकींना खेटून उभ्या आहेत, आणि 'पोट' हा शब्द नेमका त्या दोघींच्या सामाईक भिंतीत आहे.

तेलुगूत पोटाला दोन शब्द आहेत. एक 'कडुपु' आणि दुसरा 'पोट्ट'. मराठी माणसाला दुसरा शब्द शिकावाच लागत नाही.

भाषाशास्त्रात शरीराच्या अवयवांच्या शब्दांना मोठा मान आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वदेश यांनी 1950 च्या दशकात भाषांची तुलना करण्यासाठी मूलभूत शब्दांच्या याद्या केल्या. हात, डोळा, दात, जीभ यांच्याबरोबर पोटही त्यांच्या शंभर शब्दांच्या यादीत आहे. त्यामागचा विचार साधा होता. यंत्राचे, कपड्याचे, खाद्यपदार्थाचे नाव माणूस शेजाऱ्याकडून सहज उचलतो. स्वतःच्या अवयवाचे नाव त्याला आईच्या तोंडून मिळालेले असते, त्यामुळे ते सहसा बदलत नाही. या नियमाचा सगळ्यात सुंदर दाखला बाल्टिक समुद्राच्या काठी मिळतो. लिथुआनियन भाषेत दाताला 'दान्तिस' म्हणतात, डोळ्याला 'आकिस', नखाला 'नागास'. संस्कृतातले दन्त, अक्षि आणि नख ओळखायला कोशाची गरज पडत नाही.

पोटाचे तर आणखी नवल. संस्कृतातल्या 'उदर' या शब्दाचे बाल्टिक भाऊबंद अजून नांदते आहेत. लाटव्हियन भाषेत पोटाला आजही 'वेडेर्स' म्हणतात. लिथुआनियनमध्ये रोजच्या पोटाला 'पिल्वास' हा वेगळा शब्द आला, पण जुना 'वेदारास' जठर-आतड्यांच्या अर्थाने टिकला. डुकराच्या आतड्यात किसलेला बटाटा भरून भाजतात, त्या घरगुती पदार्थाला तिथे 'वेदाराय' म्हणतात. त्या दोघींची तिसरी बहीण, जुनी प्रशियन भाषा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बोलणाऱ्यांअभावी संपली. पण एल्बिंग शब्दसंग्रह नावाच्या हस्तलिखितात तिचे 802 शब्द जर्मन अर्थांसह उरले आहेत आणि त्यांत 'वेडेर्स' आहे. म्हणजे वैदिक ऋषीचा पोटाचा शब्द रीगामधल्या एखाद्या आजीच्या तोंडी आज जिवंत आहे.

मराठीत मात्र तो तसा राहिला नाही. 'उदरनिर्वाह', 'सहोदर', 'उदरभरण' या संस्कृत समासांत उदर सापडते. पण "माझे उदर दुखते" असे मराठी माणूस कधीही म्हणत नाही. हस्ताचा हात झाला, दंताचा दात, कर्णाचा कान, ओष्ठाचा ओठ, पादाचा पाय. उदराच्या जागी पोट आले, आणि पोट हे काही उदराचे झिजलेले रूप नव्हे.

उदराचे काय झाले असावे, याचा अंदाज ध्वनींच्या इतिहासावरून बांधता येतो. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधला 'द' गळतो. त्यामुळे 'उदर' चे 'उअर' झाले. शेजारीच छातीसाठी 'उरस्' वरून आलेला 'उर' होता. तो मराठीत 'ऊर' म्हणून आजही आहे. उअर आणि उर, पोट आणि छाती, भरभर बोलताना जवळजवळ सारखेच. अशा ठिकाणी भाषा एखादा धडधाकट, गोंधळ न करणारा शब्द जवळ करते. संस्कृतातला दुसरा शब्द 'कुक्षि' मराठीत 'कूस' झाला खरा, पण तो आईच्या गर्भाशयाकडे आणि अंगाच्या बाजूकडे वळला. कूस उजवते, कूस बदलतात, मूल कुशीत घेतात. जेवून भरायचे ते पोट.

हा नवा शब्द प्राकृतात फार लवकर दिसतो. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाथासप्तशतीत 'पोट्ट' आहे, आणि तोही 'भरणे' या क्रियापदाबरोबर. 'पोट भरणे' हा प्रयोग मराठीच्याही आधीचा आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने देशीनाममाला रचली. संस्कृतातून ज्यांची व्युत्पत्ती लागत नाही अशा शब्दांचा हा संग्रह, आणि 'पोट्ट' त्यात उदराच्या अर्थाने नोंदलेला आहे. देशी म्हणजे या देशातला, लोकांच्या तोंडचा. ज्या सातवाहनांच्या नावाशी ही गाथा जोडली जाते, त्यांची राजधानी गोदाकाठचे पैठण. आणि त्यांच्या आरंभीच्या राजांची नाणी सापडली ती तेलंगणातल्या करीमनगर भागात, कोटिलिंगाल येथे. मराठी आणि तेलुगू दोघीही ज्या भूमीवर आपला हक्क सांगतात, तिथल्याच साहित्यात हा शब्द इतक्या लवकर दिसतो.

आता नकाशा समोर ठेवावा. उत्तरेत हिंदी, गुजराती, बंगाली, ओडिया या भाषांत 'पेट' किंवा त्याचे जवळचे रूप आहे. अगदी दक्षिणेत तमिळमध्ये 'वयिरु' आणि मल्याळममध्ये 'वयर' आहे. हा द्राविड कुळाचा जुना शब्द. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात मराठी आणि कोंकणीत 'पोट', तेलुगूत 'पोट्ट' आणि कन्नडमध्ये 'होट्टे' आहे. जुन्या कन्नडमध्ये तो 'पोट्टे' होता; मध्ययुगात कन्नडने शब्दारंभीच्या 'प' चा 'ह' केला, तेव्हा त्याचा 'होट्टे' झाला. कन्नडची गंमत अशी, की तमिळ वयिरुचा भाऊ तिच्याकडेही आहे. पण तो 'बसिर' आता गर्भारपणाकडे गेला आहे आणि गरोदर बाईला 'बसुरी' म्हणतात. मराठीत कूस आणि पोट यांनी जसे काम वाटून घेतले, तसेच कन्नडमध्ये बसिर आणि होट्टे यांनी घेतले. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा एकाच शब्दासाठी एकाच तऱ्हेने जागा करून देतात, हा निव्वळ योगायोग मानणे अवघड आहे.

बरो आणि एमेनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशात तेलुगू आणि कन्नड रूपे एकत्र नोंदलेली आहेत. त्याच एमेनो यांनी 1956 मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, कुळे वेगळी असूनही इथल्या भाषा एकमेकींसारख्या होत गेल्या आहेत, असा सिद्धान्त मांडला होता. शब्द आधी कोणाचा, या प्रश्नावर मग भांडण उरत नाही. ध्वनीची एक खूण मात्र पाहण्यासारखी आहे. प्राकृतातला जोड 'ट्ट' मराठीने सुटा केला आणि आधीचा स्वर लांबवला. 'हत्थ' चा जसा 'हात', तसा 'पोट्ट' चा 'पोट'. तेलुगूने जोडाक्षर राखले आणि आधीचा 'ओ' ऱ्हस्वच ठेवला. त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्री प्राकृतातला उच्चार आज कानावर घ्यायचा असेल, तर तो अंबरपेठेतल्या तेलुगू शेजाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतो.

शब्दाचे मूळ इतके. त्याचा संसार याहून मोठा आहे. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत 'पोट' आणि त्यापासून झालेल्या शब्दांची लांबच लांब रांग आहे, आणि तरीही रोजच्या बोलण्यात कोशाबाहेरचे काही ना काही सापडतेच. भूक लागली की पोटात कावळे ओरडतात, भीती वाटली की पोटात गोळा येतो, दुसऱ्याचे बरे झालेले पाहून पोटात दुखते. गुपित पोटात ठेवतात, अपराध पोटात घालतात, लेकराला पोटाशी धरतात. मजुराचे हातावर पोट असते. कोणी त्याची रोजी बुडवली, तर त्याने पोटावर मारले म्हणतात. एखादी गोष्ट मनापासून सांगितली तर ती पोटतिडकीने सांगितली, आणि तोंडाने एक बोलून मनात दुसरे असले तर ओठात एक आणि पोटात एक. मराठीत मनाचा पत्ता हृदय कमी आणि पोट जास्त सांगते.

अंबरपेठेतला तेलुगू शेजारी यांतल्या बऱ्याच गोष्टी आपल्या भाषेत तशाच्या तशा म्हणतो. कष्टाच्या रोजगारासाठी तो 'पोट्टकूटि कोसम' म्हणतो, पोटाच्या घासासाठी, मराठीतले पोटापाण्यासाठी. कोणाची रोजी तोडली तर 'पोट्ट कोट्टडम', पोटावर मारणे. मत्सराला 'कडुपुमंट', पोटातली आग. कन्नडमध्येही हाच अर्थ 'होट्टेकिच्चु'. लेकराला जिवापाड जपले, तर 'कडुपुलो पेट्टुकोनि' जपले, पोटात ठेवून. शब्द कधी पोट्ट, कधी कडुपु, विचार एकच. मूळ शब्दाचा प्रवास फक्त पोट्टाने केला असेल, पण वाक्प्रचारांनी दोन्ही शब्दांवर बसून प्रवास केला. ज्या भागात एकाच शेतावर, एकाच बाजारात आणि एकाच जमीनदाराच्या दारात दोन्ही भाषा बोलणारे राबले, तिथे असे होणे स्वाभाविक होते.

शेत म्हणताना एक शब्द थांबून पाहायला हवा. ज्वारीचे कणीस बाहेर पडण्याआधी वरच्या पानाच्या आवरणात फुगते. ताटाचा वरचा भाग हाताला जाड लागतो, दाबून पाहिले तर आत काहीतरी भरत असल्याचे कळते. मराठवाड्यातला शेतकरी म्हणतो, पीक पोटरीत आले. कृषी विद्यापीठांची पत्रकेही 'पोटरी अवस्था' लिहितात आणि या वेळी पाणी चुकवू नका, असे बजावतात. भाताचे पीक या अवस्थेत आले की तेलंगणातला शेतकरी त्याला 'पोट्टदश' म्हणतो, त्याच्या आधीच्या टप्प्याला 'चिरुपोट्ट', लहानसे पोट. एकीकडे जिरायती ज्वारी, दुसरीकडे तळ्याच्या पाण्यावरचा भात. पिके वेगळी, पाण्याची सोय वेगळी. तरी गाभोळ्या ताटाकडे पाहून दोघांच्याही ओठी पोटच आले.

काही वाटांवर मराठी एकटीच पुढे गेली. पायाच्या मागच्या मांसल भागाला ती 'पोटरी' म्हणते. तेलुगूत तो 'पिक्क'. घरात छताखाली आणखी एक मजला काढला की 'पोटमाळा' होतो. सातबाऱ्यावर गटाच्या क्षेत्रात मोडणारी पण लागवडीला न येणारी जमीन 'पोटखराब' म्हणून लागते, आणि वाटणी झाली की 'पोटहिस्सा' पडतो. कायद्यात पोटकलम, जातीत पोटजात, घरात पोटभाडेकरू. मुदतीच्या मध्येच आमदाराची जागा रिकामी झाली की मराठी वर्तमानपत्र 'पोटनिवडणूक' छापते. त्याच दिवशी अंबरपेठेतल्या घरी येणारे तेलुगू वर्तमानपत्र 'उप एन्निक' छापते आणि हिंदी 'उपचुनाव'. इतरांनी संस्कृतातला 'उप' उचलला. मराठीने मोठ्या वस्तूच्या आत सामावलेली लहान वस्तू दाखवायला स्वतःचे पोट वापरले. नवऱ्याने सोडलेल्या बाईला न्यायालय जी रक्कम मंजूर करते, तिला मराठी 'पोटगी' म्हणते. कशासाठी ते शब्दातच लिहिलेले आहे.

सगळ्यांत लांबचा टप्पा व्याकरणाचा. भीतीपोटी, काळजीपोटी, हट्टापोटी, प्रेमापोटी: इथे पोट हा अवयव उरतच नाही, तो शब्दयोगी अव्यय होतो. ज्ञानेश्वरीत 'पोटीं' हे रूप 'आत, अंतरी' या अर्थाने वारंवार येते. 'तिच्या पोटी मुलगी झाली' या वाक्यात पोट अजून खरे पोट आहे. तिथून 'भीतीपोटी खोटे बोलला' इथपर्यंतचे पाऊल फार लांब नाही: खोटे भीतीतून जन्मले. आणि मग बँकेच्या पावतीवर 'थकबाकीपोटी जमा', भाड्याच्या करारात 'अनामत रकमेपोटी', सरकारी आदेशात 'नुकसानभरपाईपोटी'. इथे जन्मही उरला नाही, फक्त कशाच्या खाती हे उरले. जर्मन भाषाशास्त्रज्ञ बर्न्ड हाइने यांनी आफ्रिकेतल्या भाषांच्या अभ्यासातून दाखवले, की अनेक ठिकाणी 'पोट' या अर्थाचा शब्द झिजत झिजत 'आत' या अर्थाचे अव्यय होतो. मराठीने ती वाट चालून पुढे कारण आणि हिशेब यांच्यापर्यंत मजल मारली. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत शब्दयोगी अव्ययांच्या यादीत '-पोटी' एका ओळीत आटोपतो; खरे तर त्याच्यावर एक स्वतंत्र प्रकरण व्हायला हवे.

असे प्रकरण ग्रंथालयात बसून पुरे होणार नाही. जर्मन विद्वान आउगुस्ट श्लाइखर 1852 मध्ये लिथुआनियन बोलणाऱ्या खेड्यांत गेले, शेतकऱ्यांकडून भाषा शिकले आणि 1856 मध्ये त्यांनी तिचे व्याकरण छापले. बाल्टिक शब्दांचे मोल पुढच्या युरोपीय अभ्यासकांना कळले ते अशा कामामुळे. अंबरपेठेच्या शेजारीच, उस्मानिया विद्यापीठात, भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी 1962 मध्ये भाषाशास्त्राचा विभाग उभा केला. त्याच वर्षी त्यांच्या संपादनाखाली तेलुगूतल्या व्यावसायिक बोलीशब्दांच्या कोशाचा शेतीविषयक पहिला खंड निघाला. ते शब्द गावोगावच्या शेतकऱ्यांना विचारून गोळा केलेले होते. पुढे विणकरांच्या शब्दांचा खंडही आला. 'पोट्टदश' सारख्या शब्दाचे खरे घर अशा कोशात असते.

मराठीकडेही या वाटेवरचा एक मोठा माणूस आहे. निलंग्यात 1910 साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी होते. इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण आदिलाबादेत असताना त्यांनी गोंडी आणि कोलामी शिकून घेतल्या, त्यांच्या व्याकरणांवर लिहिले आणि गोंडांवर पुस्तक केले. सरकारी कामासाठी दुभाषा मिळत असतानाही समोरच्या माणसाची भाषा शिकावी, ही त्यांची वृत्ती हैदराबादच्या मराठी माणसाचा सर्वांत मोलाचा वारसा आहे.

तो वारसा पुढे न्यायचा, तर 'पोट' हा आरंभ करायला उत्तम शब्द आहे. हैदराबादच्या मराठी घरांतल्या साठी-सत्तरीच्या बायकांना घरात, दवाखान्यात आणि बाजारात पोटाविषयी काय काय म्हटले जाते ते विचारावे. त्या मराठीत बोलताना 'कडुपु' कधी वापरतात, त्यांच्या नातवंडांच्या तोंडी 'पोट' आधी येते की 'स्टमक', आणि 'भीतीपोटी' हे रूप तेलुगू माध्यमात शिकलेल्या मुलाला कळते का, हे टिपून ठेवावे. मग सीमेवर जावे. एका बाजूला देगलूर, बिलोली, धर्माबाद आणि किनवट. दुसऱ्या बाजूला मदनूर, बोधन, बासर आणि आदिलाबाद. या जोड्यांमध्ये ज्वारी आणि भात दोन्ही पिकतात, बाजार एकमेकांचे आहेत आणि सोयरिकीही होतात. तिथल्या शेतकऱ्याला फुगलेल्या ताटाचे नाव दोन्ही भाषांत विचारावे, आणि पोटरी व पोट्टदश यांच्यामधली हद्द नेमकी कोणत्या शिवारात बदलते ते नकाशावर आखावे. किनवट आणि आदिलाबादमधल्या कोलाम वस्त्यांत, जिथे द्राविड कुळातली कोलामी मराठी आणि तेलुगू दोन्हींच्या मध्ये बसलेली आहे, हाच प्रश्न तिसऱ्यांदा विचारावा. उस्मानिया विद्यापीठाचे मराठी आणि तेलुगू विभाग, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि हैदराबादच्या मराठी संस्था यांनी हे काम एकत्र हाती घेतले, तर पहिल्या फेरीला एक हंगाम पुरेसा आहे: पेरणी झाल्यापासून कणसे बाहेर पडेपर्यंतचा.